एका सेकंदात शंभर किलोमीटर

तुमच्या अंगात आत्ता साधा सुती टीशर्ट असेल, तर त्याचं वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास असणार. त्या दीडशे ग्रॅममधला प्रत्येक तंतू सुटा करून एकापुढे एक ठेवला, तर ती रेघ साडेनऊशे किलोमीटर लांब भरेल. नागपूरपासून ठाणे जिल्ह्यातल्या आमणेपर्यंतचा समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. तो अख्खा पार करून वर अडीचशे किलोमीटर तंतू शिल्लक राहील.

तंतूंची संख्या काढली तर ती साडेतीन कोटींच्या वर जाते. हे सगळे तंतू कधीतरी शंभरेक बोंडांतल्या सुमारे तीन हजार सरक्यांच्या सालीतून उगवलेले होते. सरकीपासून ते सोडवताना तंतू तुटायला नको, सरकी फुटायला नको, लांबी कमी व्हायला नको. हे काम जिनिंगचं. कापडाची गोष्ट सांगताना शेत येतं, सूतगिरणी येते, माग येतो, रंगाई आणि शिवण येते. जिनाचं नाव मात्र क्वचितच कोणी घेतं. विदर्भ, खानदेश आणि मराठवाड्यातल्या कापूसपट्ट्यात दिवाळीच्या सुमारास ज्या आवारांबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागते, तिथे दर सेकंदाला काय घडतं याचा हिशेब मांडला की मोठमोठे आकडे लहान वाटायला लागतात. तोच हिशेब इथे मांडतो आहे.

मोजमाप मध्यम प्रतीच्या कापसाचं धरलं आहे. वाण, पाऊस आणि जमीन यांप्रमाणे आकडे थोडे पुढेमागे होतील, पण त्यांचा आवाका तोच राहील.

एका सरकीवर बारा हजार

फुटलेलं बोंड हातात घ्या. त्यात चार-पाच कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्यात सहा-आठ सरक्या. अख्ख्या बोंडात तीसेक सरक्या धरायला हरकत नाही. एक सरकी चिमटीत धरून तिच्यावरचा कापूस दुसऱ्या हाताने ओढा. थोडा सहज येतो, थोडा हट्ट करतो, आणि सगळा काढला असं वाटल्यावरही सरकीच्या सालीवर आखूड लव राहतेच. आता हातात आलेला कापसाचा पुंजका पाहा. त्याचं वजन अर्ध्या दशांश ग्रॅमइतकं, म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या आसपास आहे. त्यात दहा ते वीस हजार तंतू असतात. आपण बारा हजार धरू.

यातला प्रत्येक तंतू म्हणजे एकच पेशी आहे. फूल उमलतं त्या सुमाराला कोवळ्या बीच्या सालीवरच्या काही पेशी बाहेरच्या बाजूला फुगू लागतात आणि पुढचे तीनेक आठवडे, एकदाही न विभागता, नुसत्या लांब होत जातात. दिवसाला एक मिलिमीटरहून जास्त. शेवटी लांबी २८ मिलिमीटरपर्यंत जाते आणि जाडी राहते १५ मायक्रॉनच्या आसपास. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. लांबी जाडीच्या अठराशे पटींहून जास्त झाली. हाच तंतू बोटाएवढ्या जाडीचा दोर असता, तर तो नऊ मजली इमारतीच्या गच्चीवरून जमिनीपर्यंत पोचला असता. एका पेशीची ही करामत आहे.

लांबी पुरी झाली की पेशीच्या आत सेल्युलोजचे थर बसायला लागतात. तंतूला वजन आणि ताकद येते ती इथे. दीड-दोन महिन्यांत बोंड फुटतं, ऊन लागतं, पेशी वाळून चपटी होते आणि तिला आपोआप पीळ पडतो. या पिळामुळेच पुढे तंतू एकमेकांना धरून राहतात आणि त्यांचं सूत होतं.

तंतूची तलमता मोजायला मायक्रोनेअर हे माप वापरतात. मायक्रोनेअर ४ म्हणजे एक इंच तंतूचं वजन ४ मायक्रोग्रॅम. या मापाने एक किलोमीटर लांबीचा तंतू फक्त ०.१५७ ग्रॅम भरतो. उलट मांडलं तर एक ग्रॅम रुईत, म्हणजे सरकी काढलेल्या कापसात, सहा किलोमीटरहून जास्त तंतू असतो. पुढचे सगळे आकडे याच एका मापातून आले आहेत.

आता ताकद पाहू. चांगल्या कापसाचा एक तंतू सव्वाचार-साडेचार ग्रॅमचा ताण सोसतो. ऐकायला हे फारच थोडं वाटतं. पण एका बोंडात तीस सरक्या, प्रत्येकीवर बारा हजार तंतू, म्हणजे ३ लाख ६० हजार तंतू असतात. ते सगळे समांतर लावून एकदम ओढले, तर ती जुडी कागदावरच्या हिशेबाने दीड टनाहून जास्त ताण सोसेल. आणि तिची जाडी एक सेंटिमीटरसुद्धा नसेल. एका बोंडाची ही ताकद आहे.

जिनिंग मुळात शक्य होतं ते निसर्गाने ठेवलेल्या एका फरकामुळे. तंतू सालीतून जिथे बाहेर येतो, तिथे त्याची मान बारीक असते आणि पेशीची भिंतही पातळ असते. त्यामुळे तंतू मधे तुटायला जेवढा जोर लागतो, त्याहून कमी जोरात तो मुळाशी सुटतो. या दोन जोरांमधली जागा काही ग्रॅमची आहे. ओढ त्या जागेत राहिली तर अखंड तंतू मिळतो. ती ओलांडली तर तुकडे पडतात आणि सूतगिरणीत त्या तुकड्यांची धूळ होते. शिवाय एका सरकीचे बाराही हजार तंतू एका झटक्यात ओढायचे म्हटले आणि प्रत्येकाला अवघे दोन ग्रॅम जोर धरला, तरी एका सरकीमागे २४ किलोचा हिसका बसेल. तेव्हा तंतू थोडे थोडे, क्रमाने आणि मापात ओढणारं यंत्र लागतं.

एक गाठ चंद्रावर जाऊन परत येते

आपल्याकडे रुईची गाठ १७० किलोची असते. ती भरायला साधारण पाच क्विंटल कापूस लागतो. ५०० किलो कापसातून १७० किलो रुई, ३२५ किलोच्या आसपास सरकी, आणि उरलेलं काडीकचरा, धूळ, घट. शंभर किलो कापसातून जितके किलो रुई पडते त्याला उतारा म्हणतात. इथे तो ३४ टक्के झाला.

या एका गाठीत किती बोंडं असतील? सुमारे १ लाख १३ हजार. आपल्याकडे कापूस हाताने वेचला जातो, त्यामुळे यातल्या प्रत्येक बोंडाला माणसाची बोटं लागलेली असतात, आणि ती बहुतेक वेळा बाईची असतात. वाळलेल्या बोंडांच्या टोकदार कडांनी वेचणारीच्या बोटांना ओरखडे पडतात. मजुरी किलोवर मिळते, बोंडांच्या मोजणीवर नाही. म्हणून हा लाखाचा आकडा कोणाच्या हिशेबात येत नाही.

सरक्या मोजल्या तर एका गाठीमागे ३४ लाख. गुणिले बारा हजार म्हणजे ४,००० कोटींहून जास्त तंतू. जगाची लोकसंख्या ८०० कोटींच्या वर आहे. म्हणजे एका गाठीतले तंतू जगात वाटले, तर लहानथोर प्रत्येकाच्या वाट्याला चार-पाच येतील.

आता लांबी. १७० किलोला ०.१५७ ग्रॅमने भागा. उत्तर येतं १० लाख ८० हजार किलोमीटर. पृथ्वीपासून चंद्राचं सरासरी अंतर ३ लाख ८४ हजार किलोमीटर आहे. जिनाच्या आवारात लोखंडी पट्ट्यांनी आवळून ठेवलेली, एका माणसाला उचलता न येणारी ती एक गाठ उलगडली, तर तंतू चंद्रापर्यंत जाईल, परत येईल, आणि पुन्हा चंद्राच्या वाटेवर तीन चतुर्थांश पुढे निघून जाईल.

चालण्याहून हळू फिरणारा रोलर

महाराष्ट्रात आणि एकूण देशात बहुतेक जिनिंग डबल रोलर यंत्रावर होतं. जिनात त्याला डीआर म्हणतात. या यंत्राचं मूळ आहे अमेरिकेतल्या फोन्स मॅकार्थी यांनी १८४० मध्ये पेटंट घेतलेल्या रोलर जिनात. पुढे इंग्लंडमधल्या ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सने त्याची यंत्रं केली आणि ती भारतात आली. आज हीच यंत्रं नागपुरात तयार होतात आणि परदेशातही जातात.

यंत्राचं काम जवळून पाहू. दोन रोलर आडवे, समांतर बसवलेले असतात. चामड्याच्या गोल चकत्या एकमेकींवर दाबून हे रोलर केलेले असतात आणि त्यांच्या पृष्ठभागावर तिरप्या खाचा पाडलेल्या असतात. प्रत्येक रोलरला घट्ट टेकून एक पोलादी पट्टी असते, ती जागची हलत नाही. दोन्ही रोलरांच्या मधे दुसरी पट्टी असते, ती सतत वरखाली हलते. वरून कापूस पडतो. खरखरीत चामडं तंतूंची टोकं पकडतं आणि स्थिर पट्टीखालून ओढून नेतं. पट्टी आणि रोलर यांच्यामधून तंतू जातो, सरकी जाऊ शकत नाही. ती पट्टीच्या कडेशी अडते. तंतू ताणले जातात. नेमक्या त्याच वेळी हलती पट्टी सरकीला ठोका देते. काही तंतू मुळाशी सुटतात. सरकी थोडी वळते, रोलर पुढचे तंतू पकडतो, पुन्हा ठोका बसतो. असे काही ठोके झाले की सरकी उघडी पडते आणि खालच्या जाळीतून गळून जाते. रुई रोलरच्या पलीकडे पातळ पापुद्र्यासारखी बाहेर येते.

हलत्या पट्टीचे ठोके मिनिटाला ९५० ते १,००० असतात. सेकंदाला सोळा. हंगामात यंत्र चोवीस तास चालतं तेव्हा एका दिवसात एक पट्टी चौदा लाखांच्या आसपास ठोके देते.

यंत्र ताशी ६० किलो रुई देतं असं धरू. मोठी, लांब रोलरांची जंबो यंत्रं याहून बरीच जास्त देतात. ताशी ६० किलो म्हणजे तासाला १२ लाख सरक्या, सेकंदाला ३३३. दर ठोक्याला सरासरी वीस सरक्या मोकळ्या होतात. तंतू मोजायचे तर दर सेकंदाला चाळीस लाख. आणि त्या चाळीस लाख तंतूंची लांबी १०६ किलोमीटर.

एका यंत्रातून, दर सेकंदाला, १०६ किलोमीटर तंतू. पृथ्वीभोवती फिरणारे जवळच्या कक्षेतले उपग्रह सेकंदाला आठ किलोमीटरच्या आसपास जातात. समृद्धी महामार्गाची अख्खी लांबी हे यंत्र सात सेकंदांत पुरी करतं.

आता रोलरचा वेग पाहा. त्याचा व्यास १८० मिलिमीटर आणि मिनिटाला फेरे शंभर. म्हणजे त्याचा पृष्ठभाग सेकंदाला ९४ सेंटिमीटर सरकतो, ताशी साधारण साडेतीन किलोमीटर. सावकाश चालणारा माणूसही याच्या पुढे जाईल. मग सेकंदाला शंभर किलोमीटर येतात कुठून? भागाकार केला तर कळतं की एका वेळी १ लाख १३ हजार तंतू शेजारी शेजारी रोलरवरून सरकत असतात. मीटरभर लांबीचे दोन रोलर, म्हणजे दर मिलिमीटरला पंचावन्नच्या आसपास तंतू. तंतूची जाडी १५ मायक्रॉन, म्हणून एका मिलिमीटरमध्ये खेटून सहासष्ट तंतू मावतात. याचा अर्थ, रोलरवरून सरकणारी रुईची चादर सरासरीने जवळजवळ एकाच थराची आहे. यंत्राचं सगळं शहाणपण इथे आहे. ते घाई करत नाही. तंतूंना गर्दीत ओढत नाही, पसरून, एका ओळीत, चालीच्या वेगाने नेतं.

अमेरिकेत लांब धाग्याचा थोडा कापूस सोडला, तर बाकीच्याचं जिनिंग सॉ जिनवर होतं. त्यात एका दांड्यावर शंभर-दोनशे दातेरी चकत्या फिरतात आणि सळ्यांच्या फटींतून तंतू ओरबाडून नेतात. त्या दात्यांचा वेग ताशी ४०-५० किलोमीटर असतो. तिथे एकेक कारखाना तासाला साठ गाठींचा पल्ला गाठतो. उत्पादन अफाट, पण तंतूला मार जास्त आणि आखूड तुकडेही जास्त. आपला रोलर हळू आहे आणि म्हणूनच तंतूची लांबी राखतो. हाताने वेचलेला कापूस आणि रोलरवर काढलेली रुई, ही आपल्या मालाची दोन मोठी बळं आहेत.

रोलरची निगा हे वेगळंच शास्त्र आहे. दाब वाढला की घर्षणाने चामडं तापतं, आणि कोरड्या रुईच्या ढिगाऱ्यात एक ठिणगी पुरते. दाब कमी झाला की सरकीवर तंतू राहून जातो. ठोका चुकला की सरकी फुटते, तिच्या सालीचे कण रुईत मिसळतात आणि ते पुढे थेट कापडावर ठिपके होऊन दिसतात. कापसात ओल जास्त असली की तंतू चिकटून बसतात. आणखी एक गोष्ट चामड्याची. ते क्रोमने कमावलेलं असतं, घासून त्याची बारीक भुकटी होते आणि ती रुईत आणि कामगाराच्या श्वासात जाते. मुंबईत माटुंग्याला १९२४ मध्ये सुरू झालेल्या आणि आज सिरकॉट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने यावर क्रोमविरहित रोलर तयार केला. याच संस्थेचं जिनिंग प्रशिक्षण केंद्र नागपुरात आहे.

बोटं, चरखा, यंत्र

तंतू ओढायचा आणि सरकी अडवायची, हे तत्त्व फार जुनं आहे आणि आपल्याच भूमीतलं आहे. एका रोलरने सरकी काढण्याच्या पाचव्या शतकातल्या साधनाचा पुरावा अजिंठ्याच्या लेण्यांत मिळतो. पुढे सुलतानी काळात मळसूत्री दात्यांनी एकमेकांत अडकवलेल्या दोन लाटांचा चरखा आला. एक लाट फिरवली की दुसरी उलट फिरते, मधून रुई पुढे जाते आणि सरकी मागे पडते. मोगल काळापर्यंत तो देशभर पसरला होता.

आता वेगांची तुलना करू. अमेरिकेतल्या आखूड धाग्याच्या कापसाची सरकी नुसत्या बोटांनी काढायची, तर एका माणसाच्या हातून दिवसाला एक पौंड रुई निघे. त्या वेगाने आपली एक गाठ भरायला एका माणसाला एक वर्षाहून जास्त काळ लागेल. दोन लाटांच्या चरख्यावर दोघं मिळून दिवसाला २८ पौंड, म्हणजे साडेबारा किलोंच्या आसपास काढत. एक गाठ तेरा-चौदा दिवसांत. आजचं एक डीआर यंत्र तीच गाठ पावणेतीन तासांत देतं. चोवीस यंत्रांचा कारखाना सात मिनिटांत. सॉ जिनचा मोठा अमेरिकी कारखाना एका मिनिटात.

या शिडीची एक पायरी मात्र रक्ताने माखलेली आहे. १७९४ मध्ये एली व्हिटनी यांना त्यांच्या जिनचं पेटंट मिळालं. बोटांनी दिवसाला एक पौंड निघत होती, तिथे या यंत्रावर पन्नास पौंड निघू लागली. सरकी काढण्याची अडचण संपली आणि मागणी वळली ती लागवडीकडे आणि वेचणीकडे. तिथे यंत्र नव्हतं, तिथे गुलाम होते. अमेरिकेचं कापूस उत्पादन १७९० मध्ये १५ लाख पौंडांच्या आसपास होतं, ते १८६० पर्यंत २०० कोटी पौंडांच्या घरात गेलं. त्याच सत्तर वर्षांत गुलामांची संख्या सुमारे ७ लाखांवरून ४० लाखांच्या जवळ पोचली. श्रम वाचवणाऱ्या यंत्राने गुलामी वाढवली. यंत्र कोणाच्या हातात आहे आणि त्याचा फायदा कोणाच्या पदरात पडतो, हा प्रश्न तंत्रज्ञानाबाहेरचा मानता येत नाही, याचा याहून मोठा दाखला इतिहासात शोधूनही सापडणार नाही.

१८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवी युद्धात तिकडचा कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्यांचे डोळे हिंदुस्थानाकडे लागले. मुंबईत पैशाचा पूर आला. वऱ्हाड-नागपूरच्या काळ्या जमिनीचं भविष्य तेव्हाच ठरलं. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. खामगाव, हिंगणघाट, अमरावती ही कापसाची ठाणी झाली आणि स्टेशनाजवळ जिन उभे राहिले. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली ती याच कापसावर. यवतमाळ-मूर्तिजापूरची शकुंतला रेल्वे धावली तीही कापूस वाहायला.

महाराष्ट्राचं प्रकाशवर्ष

आता एका गाठीवरून राज्यावर येऊ. महाराष्ट्रात कापसाचं क्षेत्र ४० लाख हेक्टरांच्या आसपास असतं आणि अलीकडच्या वर्षांत उत्पादन ८० ते ९० लाख गाठींच्या दरम्यान राहिलं आहे.

सोयीसाठी ८० लाख गाठी धरू. एवढ्या गाठींसाठी बोंडं लागतात ९० हजार कोटी. एका माणसाने झोप, जेवण, सणवार काही न करता सेकंदाला एक बोंड या वेगाने ती वेचायची ठरवली, तर २८ हजार वर्षं लागतील. महाराष्ट्रातल्या बाया आणि पुरुष ती एका हंगामात वेचून काढतात.

त्यांतल्या सरक्या होतात २७ लाख कोटी. जगातल्या प्रत्येक माणसामागे तीन हजारांहून जास्त. यातली एकेक सरकी कोणत्या ना कोणत्या पट्टीच्या कडेशी अडून, ठोके खाऊन मोकळी झालेली असते. त्यांचं वजन २६ लाख टन. रुईच्या जवळजवळ दुप्पट. सरकीतून तेल निघतं, राहिलेली ढेप गाईम्हशींच्या खाद्यात जाते आणि दुधात उतरते. सरकीवरची आखूड लवसुद्धा यंत्राने काढून कागद आणि सेल्युलोज करायला वापरतात. तुमच्या खिशातल्या नोटेचा कागद कापसाचाच असतो.

आणि लांबी? ८० लाख गाठी गुणिले १० लाख ८० हजार किलोमीटर. उत्तर येतं ८ लाख ६४ हजार कोटी किलोमीटर. सेकंदाला ३ लाख किलोमीटर धावणारा प्रकाश एका वर्षात ९ लाख ४६ हजार कोटी किलोमीटर जातो, त्यालाच प्रकाशवर्ष म्हणतात. उत्पादन ९० लाख गाठींना टेकलं की महाराष्ट्राचा एका वर्षाचा कापूस प्रकाशाच्या वर्षभराच्या प्रवासापुढे निघून जातो.

देशाच्या सव्वातीन कोटी गाठी पावणेचार प्रकाशवर्षांच्या जवळ जातात. सूर्यानंतरचा आपला सर्वांत जवळचा तारा ४.२ प्रकाशवर्षांवर आहे. जगाचं पीक वर्षाला अडीच कोटी टनांच्या आसपास असतं, त्याचा तंतू जवळजवळ सतरा प्रकाशवर्षं भरतो. रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा व्याध ८.६ प्रकाशवर्षांवर आहे. जगातला एका वर्षाचा कापूस व्याधापर्यंत जाऊन जवळपास परत येतो. दरवर्षी. आणि त्यातला प्रत्येक तंतू आधी सरकीपासून सोडवावा लागतो.

एक टक्का

एवढे आकडे मांडले ते एका छोट्या आकड्यासाठी. तो आकडा म्हणजे एक टक्का.

८० लाख गाठींसाठी महाराष्ट्रात ४ कोटी क्विंटल कापूस जिनात येतो. उतारा ३४ ऐवजी ३५ टक्के पडला, तर त्याच कापसातून ४० हजार टन रुई जास्त निघते. म्हणजे २ लाख ३५ हजार गाठी. एक गुंठा जमीन न वाढवता, पाण्याचा एक थेंब न वाढवता. उतारा ठरतो तो वाणावर, पिकाच्या पोषणावर, कापसातल्या ओलीवर, आणि जिनात रोलर-पट्टीच्या निगेवर. राज्याचं हेक्टरी उत्पादन ३४० किलो रुईच्या आसपास अडकलेलं आहे आणि जगाची सरासरी त्याच्या दुपटीहून जास्त आहे. अशा वेळी हातात आलेल्या कापसातला एक टक्का सोडून देणं परवडणारं नाही.

हा टक्का शेतकऱ्याच्या घरातही मोजता येतो. ज्याच्याकडे २५ क्विंटल कापूस झाला, त्याच्या कापसाचा उतारा दोन टक्के जास्त असेल, तर त्याने ५० किलो रुई जास्त दिली. रुईचा भाव सरकीच्या कितीतरी वर असतो. तरीही बाजारात भाव ठरतो तो कापसाच्या वजनावर. मूठभर कापूस हातात घेऊन, नजरेने आणि अंदाजाने. सरकारी हमीभाव धाग्याची लांबी आणि मायक्रोनेअर पाहतो, शेतकऱ्याच्या ढिगाचा खरा उतारा पाहत नाही. चांगल्या उताऱ्याचा कापूस आणणारा आणि कमी उताऱ्याचा आणणारा, दोघांना जवळपास सारखाच दाम मिळतो. मग जास्त उताऱ्याचं वाण निवडायचं, बोंड पुरतं फुटू द्यायचं, कापूस वाळवून आणायचा, वेचताना पालापाचोळा आणि प्लॅस्टिकच्या पिशवीचा दोरा येऊ द्यायचा नाही, या कष्टांचं मोल कुठे मिळतं?

उतारा जागच्या जागी मोजायचं साधन आपल्याकडे आहे. सिरकॉटने लिलिपुट जिन नावाचं छोटं यंत्र तयार केलेलं आहे. त्यात कापसाचा लहान नमुना टाकला की रुई आणि सरकी वेगळी होते, दोन्हींचं वजन केलं की उतारा कळतो. एकेक यंत्र सेकंदाला शंभर किलोमीटर तंतू काढतं अशा उद्योगात, प्रत्येक बाजार समितीत असा एक छोटा जिन आणि एक तराजू ठेवणं ही मोठी मागणी नाही. बाजार समित्यांनी ते ठेवावं, पावतीवर वजनाशेजारी उतारा लिहावा, आणि भाव त्यावर ठरावा. सरकारने हमीभावाच्या निकषांत उताऱ्याला जागा द्यावी.

आणि शेतकऱ्यांना एक सांगणं. यंदा कापूस घालाल तेव्हा आपल्या ढिगाचा उतारा किती पडला ते जिनात विचारा. वाणाचं नाव, वेचणीची तारीख आणि उतारा, या तीन गोष्टी वहीत लिहून ठेवा. दोन-तीन हंगामांनी ती वही बियाणं निवडायलाही उपयोगी पडेल आणि भाव मागायलाही.